धातुशोधकाद्वारे पुरावशेषांचा पुनःशोध

पूर्वी एकदा वा अनेकदा धातुशोधकाने तपासलेल्या जागेवर पुन्हा पद्धतशीर शोध घेऊन तेथे उरलेल्या धातूच्या पुरावस्तू मिळविण्याच्या क्रियेस पुनःशोध म्हणतात. जमिनीत पुरलेल्या धातूच्या वस्तूचे अस्तित्व आवाजाने किंवा दर्शकावरील आकड्याने दाखविणारे, हातात धरून चालविण्याचे उपकरण म्हणजे धातुशोधक होय. जुनी रणांगणे, सैन्याचे तळ, वापरात नसलेले मार्ग, ओसाड गावठाणे, बाजारांच्या जागा व नांगरटीखालील शेते ही अशा शोधाची नेहमीची स्थळे आहेत.

एखाद्या जागेवरून शोधक फिरविला आणि त्याने आवाज दिला नाही, म्हणजे तेथे काही शिल्लक नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. प्रत्येक शोध हा त्या जागेतील वस्तूंचा केवळ एक नमुना असतो. त्यात कोणत्या वस्तू हाती लागतील व कोणत्या मागे राहतील, हे उपकरणाची पोहोच, मातीचा प्रकार, वस्तूची ठेवण आणि शोध घेणाऱ्याची चालण्याची रीत यांवर ठरते. त्यामुळे ‘संपलेल्या’ म्हणून सोडून दिलेल्या जागाही पुन्हा फलदायी ठरतात. तथापि जमिनीतील वस्तूंचा साठा मर्यादित असतो. काढलेल्या वस्तूची जागा, खोली व शेजार यांची नोंद झाली नाही, तर तो पुरावा पुढील कोणत्याही शोधात परत मिळत नाही. पुनःशोधाचे मूल्य त्यामुळे किती वस्तू मिळाल्या यापेक्षा पहिल्या व नंतरच्या शोधांच्या नोंदी एकमेकींशी किती जुळविता येतात, यावर अवलंबून असते.

इतिहास : धातुशोधकाचा एक आरंभीचा उपयोगच फसलेल्या पुनःशोधाचा आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत् प्रवर्तनावर चालणारे उपकरण तयार केले व त्याच उन्हाळ्यात दोन वेळा राष्ट्राध्यक्षांची तपासणी केली. दोन्ही वेळा गोळी सापडली नाही. बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांमुळे संकेतात गोंधळ झाला; शिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मतानुसार शोध शरीराच्या उजव्या बाजूपुरता ठेवण्यात आला होता, तर मृत्यूनंतरच्या विच्छेदनात गोळी डाव्या बाजूस आढळली. शेजारच्या धातूने संकेत झाकला जाणे आणि चुकीच्या ठिकाणी शोध घेणे या तेव्हा दिसून आलेल्या दोन्ही अडचणी आजही कायम आहेत.

गेऱ्हार्ट फिशर यांना हातात नेण्याजोग्या धातुशोधकाचे एकस्व १९३७ मध्ये मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैन्यातील अभियंते यूझेफ कोसाट्स्की यांनी तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ मधील एल् अलामेनच्या लढाईत वापरण्यात आला. त्याचे वजन १४ किग्रॅ.पेक्षा थोडे कमी होते. युद्धानंतर ट्रँझिस्टरमुळे ही उपकरणे हलकी व स्वस्त झाली आणि १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये धातुशोधन हा मोठ्या प्रमाणावरील छंद बनला. एकाच शेतात अनेकांनी अनेकदा शोध घेणे तेव्हापासून नित्याचे झाले.

कार्यतत्त्व : शोधकाच्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. त्यांपैकी एका वेटोळ्यातून प्रत्यावर्ती (दिशा सतत बदलणारा) विद्युत् प्रवाह सोडला असता भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र जमिनीतील धातूच्या वस्तूत आवर्त प्रवाह (धातूच्या आतल्या आत चक्राकार फिरणारे प्रवाह) उत्पन्न करते. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात टिपले जाते. पाठविलेला व परत आलेला संकेत यांच्या कलेतील (कंपनाच्या टप्प्यातील) फरकावरून वस्तू लोखंडाची आहे की तांबे, चांदी, सोने यांसारख्या धातूची आहे, याचा अंदाज बांधता येतो. बहुतेक शोधकांत काही हजार ते काही दशसहस्र हर्ट्झ कंप्रता वापरतात. स्पंद-प्रवर्तन पद्धतीच्या शोधकात प्रवाहाचे अल्पकालीन झटके देऊन प्रत्येक झटक्यानंतर आवर्त प्रवाह किती वेगाने ओसरतात ते मोजले जाते. खनिजयुक्त माती व समुद्रकिनाऱ्याची खारी वाळू यांत ही पद्धत अधिक उपयोगी पडते. परंतु लोखंड व इतर धातू यांत भेद करण्यास ती तितकीशी समर्थ नाही.

वेटोळ्यापासून वस्तूपर्यंतचे अंतर वेटोळ्याच्या आकारमानाच्या मानाने मोठे असल्यास, लहान वस्तूकडे पोहोचणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते आणि वस्तूकडून परत येणारे क्षेत्रही तसेच घटते. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की परतीचा संकेत सुमारे १/६४ उरतो. म्हणूनच एका नाण्याएवढी वस्तू साधारणपणे १५ ते २५ सेंमी. खोलीपर्यंतच सापडते, मोठे भांडे किंवा धातूचा मोठा गोळा त्याहून बराच खोल असूनही जाणवतो. याच नियमानुसार उपकरणाची संवेदनक्षमता दुप्पट केली, तरी त्याची पोहोच फक्त सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. नवे व महाग उपकरण आणल्यामुळेच जुन्या जागेत वस्तू मिळतात, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

वस्तू मागे राहण्याची कारणे : (१) क्षेत्राचा आकार : तबकडीखालील परिणामकारक क्षेत्र जसजसे खोल जाते तसतसे अरुंद होते. पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून गेलेल्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान १५ सेंमी. खोलीवर न तपासलेली पट्टी राहू शकते. (२) वस्तूची ठेवण : आडवे पडलेले नाणे स्पष्ट संकेत देते, कडेवर उभे असलेले तेच नाणे क्षीण संकेत देते किंवा मुळीच देत नाही. (३) झाकोळ : मौल्यवान धातूच्या वस्तूशेजारी लोखंडी खिळा असल्यास त्याच्या संकेतात तिचा संकेत लपतो. लोखंड गाळण्याची योजना उपकरणात चालू ठेवली असेल, तर दोन्ही वस्तू गाळल्या जातात. जुन्या वस्तीच्या जागी खिळ्यांची संख्या मोठी असल्याने असा झाकोळ विशेष आढळतो. (४) माती : मॅग्नेटाइटासारखी लोहखनिजे असलेली माती स्वतःच संकेत उत्पन्न करते. बेसाल्टापासून झालेल्या व जांभ्याच्या जमिनीत ही अडचण नेहमी येते. ओलाव्याने मातीची विद्युत् संवाहकता बदलते; त्यामुळे एकाच जागी कोरड्या व ओल्या दिवसांतील अनुभव सारखे नसतात. (५) नांगरट : नांगराने जमिनीचा सुमारे २० ते ३० सेंमी. जाडीचा थर दरवर्षी उलथापालथा होतो. खोल असलेल्या वस्तू वर येतात, वरच्या खाली जातात, उभ्या वस्तू आडव्या होतात. नांगर अधिक खोल गेल्यास त्याखालील अस्पर्श ठेवही फुटून वर विखुरते. नांगरटीनंतर तेच शेत शोधकाच्या दृष्टीने काही अंशी नवे झालेले असते. (६) मानवी कारणे : घाई, तबकडी हेलकाव्याच्या शेवटी वर उचलली जाणे, उभे पीक, दाट गवत आणि थकवा यांमुळे तपासलेला वाटणारा भाग प्रत्यक्षात तपासला गेलेला नसतो.

शोधांचे उत्पन्न : समजा, एखाद्या शेताच्या वरच्या थरात १०० वस्तू आहेत आणि प्रत्येक शोधात उरलेल्यांपैकी ४० टक्के वस्तू मिळतात. पहिल्या शोधात ४०, दुसऱ्यात २४ व तिसऱ्यात सुमारे १४ वस्तू मिळतील आणि तीन शोधांनंतरही सुमारे २२ वस्तू जमिनीत असतील. प्रत्यक्षात घट इतकी नियमित नसते. सहज सापडणाऱ्या, म्हणजे मोठ्या, उथळ व लोखंडेतर धातूंच्या वस्तू आधी निघून जातात. लहान, खोल व लोखंडी वस्तू मागे राहतात. पहिल्या शोधाची नोंद नसेल, तर नंतरच्या संशोधकास त्या स्थळाचे विकृत चित्र मिळते. नाणी आधीच निघून गेलेल्या बाजाराच्या जागी त्यास केवळ खिळे व नाल आढळतात आणि तो त्या जागेस लोहाराचे आवार समजण्याचा संभव असतो.

पद्धती : पुनःशोधात प्रथम जागेची दोऱ्यांनी किंवा खुंट्यांनी चौकटीत विभागणी करतात. पूर्वीच्या फेऱ्यांची दिशा माहीत असल्यास तिच्याशी काटकोनात फेऱ्या घेतात. त्यामुळे दोन फेऱ्यांमधील सुटलेल्या पट्ट्या व एकाच दिशेने क्षीण संकेत देणाऱ्या वस्तू आढळतात. तबकडी जमिनीला समांतर व जवळ ठेवून सावकाश फिरवितात आणि प्रत्येक हेलकावा आधीच्या हेलकाव्यावर निम्मा येईल असे पाहतात. खिळ्यांनी भरलेल्या जागी लहान तबकडी वापरल्यास शेजारशेजारच्या वस्तू वेगळ्या ओळखता येतात. मोकळ्या शेतात मोठ्या तबकडीने अधिक खोली गाठता येते. लोखंड गाळण्याची योजना बंद ठेवून सर्व संकेत तपासणे कष्टाचे असते, पण पुरातत्त्वीय सर्वेक्षणात तेच योग्य मानतात. एक वस्तू काढल्यावर तोच खड्डा पुन्हा तपासतात, कारण वरची वस्तू निघाल्यावर तिने झाकलेली दुसरी वस्तू जाणवू लागते. नांगरटीच्या थराखाली संकेत लागल्यास किंवा एकत्र ठेवलेल्या अनेक वस्तू दिसल्यास खणणे थांबवून ते काम पुरातत्त्वज्ञावर सोपवावे लागते. वस्तू मिळालेल्या ठिकाणांबरोबरच शोध घेऊनही काही न मिळालेल्या चौकटींची, वापरलेल्या उपकरणाची व जमिनीच्या स्थितीची नोंद ठेवणे आवश्यक असते. एरवी पुढच्या शोधाची मागच्याशी तुलना करता येत नाही.

प्रमुख उदाहरणे : अमेरिकेतील माँटॅना राज्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी २५–२६ जून १८७६ रोजी लाकोटा (सू), शायेन व त्यांच्या मित्र जमाती आणि जॉर्ज कस्टर यांचे घोडदळ यांच्यात लढाई झाली. कस्टर व त्यांच्याबरोबरची तुकडी यांपैकी कोणीही वाचले नाही. रणांगणावरून स्मृतिवस्तू गोळा करणाऱ्यांनी शंभर वर्षे वस्तू उचलून नेल्या होत्या. ऑगस्ट १९८३ मधील वणव्याने तेथील गवत जळाले आणि १९८४ व १९८५ मध्ये डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंसेवक धातुशोधकांच्या साहाय्याने सर्वेक्षण झाले. शोधक घेतलेले स्वयंसेवक सुमारे पाच मी. अंतर ठेवून ओळीने चालत. संकेत मिळाला की तेथे निशाण रोवले जाई आणि मागून येणारा गट वस्तूचे स्थान, दिशा व कल नोंदवी. दोन हंगामांत सुमारे ५,००० वस्तू मिळाल्या. काडतुसाच्या प्रत्येक रिकाम्या पुंगळीवर बंदुकीच्या आघातखिळीचा विशिष्ट ठसा असतो. एकाच बंदुकीच्या पुंगळ्या कोठे कोठे पडल्या हे पाहून त्या बंदुकीची हालचाल नकाशावर आखता आली. जमातींच्या योद्ध्यांकडे अनेक फैरींच्या बंदुका मोठ्या संख्येने होत्या, हेही त्यावरून स्पष्ट झाले. एका माणसाच्या हेलकाव्याची रुंदी दीड ते दोन मी. धरल्यास पाच मी. अंतराच्या ओळींनी रणांगणाचा सुमारे ३० ते ४० टक्के भागच तपासला गेला, असे दिसते. उरलेला भाग पुढील संशोधनासाठी शिल्लक राहिला.

इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात स्नेटिशम येथे १९४८ मध्ये नांगरताना लोहयुगीन गळ्यातील कड्यांचे (मराठी सरीसारख्या, पिळाच्या तारांच्या दागिन्यांचे) निधी मिळाले. १९५० मध्ये त्याच शेतात सोन्याच्या मिश्रधातूची प्रसिद्ध मोठी कडी सापडली. १९९० मध्ये एका धातुशोधकधारकास तेथे आणखी एक निधी आढळला व त्याने तो कळविला. त्यानंतर ब्रिटिश म्यूझीयमच्या वतीने इअन स्टेड यांनी केलेल्या उत्खननात आणखी निधी उघड झाले. एका खड्ड्यात वरच्या थरात चांदीच्या व ब्राँझच्या कड्या होत्या, तर मातीच्या थराने अलग केलेल्या तळाच्या कप्प्यात सोन्याच्या कड्या ठेवल्या होत्या. वरच्या वस्तू मिळाल्यावर शोध थांबला असता, तर खालचा कप्पा अज्ञातच राहिला असता.

स्टॅफर्डशरमधील हॅमरविच येथे जुलै २००९ मध्ये अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचांदीच्या युद्धसाहित्याचा निधी सापडला व लगेच त्या जागेचे उत्खनन झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेच शेत नांगरल्यावर पुरातत्त्वज्ञ व शोधकधारक यांनी केलेल्या पुनःशोधात आणखी ९१ वस्तू मिळाल्या. त्यांपैकी ८१ वस्तू त्याच निधीचा भाग म्हणून घोषित झाल्या. त्यांत शिरस्त्राणाची एक गालपट्टी असून २००९ मध्ये मिळालेल्या गालपट्टीशी तिचे साम्य आढळले. दोन्ही शोधांच्या नोंदी असल्यामुळेच हा संबंध लावता आला.

जर्मनीतील काल्क्रीझ भागात जुनी रोमन नाणी मिळत असल्याने टेओडोर मॉम्झेन यांनी १८८५ मध्येच तेथे इ. स. ९ मधील व्हारुसच्या पराभवाचे स्थळ असावे, असे मत मांडले होते. लष्करी वस्तू न मिळाल्याने ते मत मागे पडले. १९८७ मध्ये टोनी क्लन या ब्रिटिश अधिकाऱ्याने स्थानिक पुरातत्त्वज्ञांच्या संमतीने धातुशोधकाने रोमन दिनार शोधले. पुढील वर्षी त्याच परिसरात शिशाचे गोफणगुंडे मिळाले आणि रोमन सैन्याचा पुरावा हाती आला. १९८९ पासून तेथे नियमित उत्खनने सुरू झाली व हे स्थळ व्हारुसच्या रणांगणाचा भाग असल्याचे बहुसंख्य विद्वानांनी मान्य केले. जर्सी बेटावर दोन शोधकधारकांनी चांदीची नाणी निघाल्याच्या ऐकीव माहितीवरून सुमारे तीस वर्षे त्याच परिसरात पीक निघाल्यावर परवानगीने शोध घेतला. २०१२ मध्ये त्यांना सुमारे ७०,००० नाण्यांचा एकसंध गोळा आढळला. त्यांनी तो स्वतः न फोडता तज्ञांना कळविल्यामुळे तो अखंड उचलून प्रयोगशाळेत थराथराने सुटा करता आला.

याउलट सरी परगण्यातील वॉनबरो येथील रोमन मंदिराच्या जागी १९८३ नंतर चोरट्या शोधकांनी रात्री वारंवार खणून हजारो नाणी नेली. १९८५ मध्ये उत्खनन झाले तेव्हा मंदिराचा पाया आढळला. परंतु गेलेली नाणी कोणत्या थरातील व कोणत्या क्रमाने वाहिलेली होती, हे सांगणे अशक्य झाले होते.

विधिनियम : ब्रिटनमध्ये १९७९ च्या प्राचीन वास्तू व पुरातत्त्वीय क्षेत्र अधिनियमानुसार संरक्षित स्थळी परवानगीविना धातुशोधक वापरणे गुन्हा आहे. वॉनबरोच्या प्रकरणामुळे जुन्या निधिकायद्यातील त्रुटी उघड झाल्या आणि १९९६ चा निधी अधिनियम संमत झाला. २०२३ मध्ये त्यातील निधीची व्याख्या अधिक व्यापक करण्यात आली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुटे पुरावशेष योजनेत शोधकधारकांनी स्वेच्छेने दाखविलेल्या १५ लाखांहून अधिक वस्तूंची स्थानासह नोंद झाली आहे. अमेरिकेत शासकीय जमिनीवरील पुरावशेषांना १९७९ च्या अधिनियमाने संरक्षण दिले आहे.

भारतात १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाखाली संरक्षित क्षेत्रात परवानगीविना उत्खनन करता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर व निर्यातीवर निर्बंध घातले आहेत. किल्ले, मंदिरे व पांढरीची टेकाडे येथे गुप्तधनाच्या लोभाने होणारी खणाखणी या अधिनियमांच्या कक्षेत येते.

महाराष्ट्रातील स्थिती : शोधून झालेली जागा रिकामी नसते आणि नोंदीविना मिळालेली वस्तू अपुरी ठरते, या दोन्ही गोष्टींचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या दायमाबादचे आहे. तेथे धातुशोधकाचा संबंध नव्हता. या ताम्रपाषाणयुगीन स्थळाचे १९५८–५९ मध्ये उत्खनन झाले होते. १९७४ मध्ये तेथील एका भिल्ल ग्रामस्थास झाडाची मुळे खणताना बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा ब्राँझच्या चार भरीव मूर्ती मिळाल्या. त्यांचे एकूण वजन ६० किग्रॅ.हून अधिक आहे. मूर्ती निघाल्या तेव्हा पुरातत्त्वज्ञ उपस्थित नव्हते. त्यांचा थर निश्चित करण्यासाठी त्याच वर्षी व पुढे १९७५–७९ मध्ये पुन्हा उत्खनने झाली. उत्खनकांनी त्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या. परंतु धातूतील आर्सेनिकाच्या प्रमाणावरून काही संशोधकांनी त्या काळाविषयी शंका घेतली. मूर्ती ज्या मातीत होत्या त्या मातीची त्या क्षणी नोंद झाली असती, तर हा वाद बहुधा उद्भवला नसता.

त्यामुळे पुरातत्त्वीय सर्वेक्षणात जागेचा काही भाग हेतुतः न तपासता राखून ठेवण्याची पद्धत पडली आहे. उपकरणे व विश्लेषणाच्या रीती सुधारत जातात आणि नंतरच्या संशोधकांना नवे प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे मिळण्यास जमिनीत पुरावा शिल्लक असावा लागतो.